बरं म्हणणारा उजेड

१

माझ्या नवऱ्याला अख्खा संसार चालवायला 'बरं' हा एकच शब्द पुरतो. शब्दकोडं घेऊन बसला की त्याला काहीही सांगा, उत्तर तेच. गॅस संपलाय. बरं. माझी आई उद्या येतेय, महिनाभर राहील. बरं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी यावर एक युक्ती काढली. तो ऐकतोय की नुसताच हुंकार देतोय अशी शंका आली की मी शांतपणे म्हणायचे, "तुझ्या चहात पाल पडलीय." तो "बरं" म्हणायचा आणि एक घोट घ्यायचा. मग मला कळायचं की इतका वेळ मी भिंतीशी बोलत होते.

हे पालीचं प्रकरण आधी सांगतेय, कारण त्याच्या जोरावर मी एक फार मोठी बाजी मारली. समोर कोण होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण जिंकले मी, एवढं नक्की. यात बढाई वाटली तर वाटू द्या, मी ती कमावलेली आहे.

दुसरं माणूस म्हणजे वन्सं. नवऱ्याची मोठी बहीण. त्या समुद्रात बुड्या मारायला शिकवतात. केस बारीक कापलेले, आवाज असा की बंदराच्या या टोकाला ओरडल्या तर त्या टोकाचा माणूस दचकावा. अशा बाईला 'वन्सं' म्हणायचं ते मी पहिल्यांदा चिडवायला म्हटलं आणि मग तेच चिकटलं. त्या मला 'छबी' म्हणतात, कारण माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो काढून काढून माझा जीव विटला होता, तेव्हा त्यांनीच मला धरून पाण्यात नेलं आणि हातात कॅमेरा दिला. नणंद-भावजयीचं जमत नाही म्हणतात. आमचं पाण्याखाली जमलं, कारण तिथे बोलता येत नाही.

अंधारात तिथे टॉर्चने बोलतात. टॉर्च सावकाश गोल फिरवला की 'बरं'. प्रश्नही तोच आणि उत्तरही तेच. मी गोल फिरवते, म्हणजे बरं आहे ना? त्या गोल फिरवतात, म्हणजे बरं आहे. टॉर्च भराभर आडवा हलवला तर 'संकटात आहे, ये'. ही दुसरी खूण आम्हाला कधी वापरावी लागली नव्हती. पण वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाण्यात मदत मागणाऱ्याकडे पाठ करायची नाही. मग तो कुणी का असेना."

२

मत्स्यालयाच्या नव्या दालनासाठी फोटो हवे होते. जुन्या धक्क्याखाली अंधार पडल्यावर कोण कोण बाहेर येतं, हा विषय. दिवसा त्या खांबांवर शेवाळ आणि शिंपले सोडून काही दिसत नाही. सूर्य बुडाला की तेच खांब बाजारासारखे गजबजतात. झिंग्यांचे डोळे टॉर्चमध्ये निखाऱ्यासारखे चमकतात. खेकडे आडवे आडवे कामाला निघतात. काही मासे खांबाला टेकून उघड्या डोळ्यांनी झोपतात, कारण त्यांना पापण्याच नसतात.

आमचं रोजचं ठरलेलं होतं. स्टुडिओ बंद केला की मी कॅमेरा त्याच्या पाणबंद पेटीत घालायचे आणि पेटीच्या रबरावर एखादा केस तर नाही ना ते बोट फिरवून पाहायचे. एका केसाने पाणी आत शिरतं आणि कॅमेरा जातो. वन्सं सिलिंडर तपासायच्या. बुड्या मारणाऱ्यांच्या चौकीवर एक फळी आहे, तिच्यावर प्रत्येकाचा बिल्ला टांगलेला असतो. पाण्यात जाताना आपला बिल्ला काढून घ्यायचा आणि आल्यावर परत टांगायचा, म्हणजे कोण अजून खाली आहे ते फळीच सांगते. नवरा थर्मास आणि शब्दकोडं घेऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर बसायचा. त्याला पाण्याची एवढी धास्ती की शॉवरखालीसुद्धा तो एक पाय बाहेर ठेवून उभा राहतो. तरी रोज यायचा. आम्हाला परतीची वाट दिसावी म्हणून पायरीवर दिवा घेऊन बसायचा.

त्या संध्याकाळी मी एका समुद्रघोड्याच्या मागे होते. शेपटीने दोरीला धरून तो डुलत होता आणि मी त्याच्यासमोर श्वास आवरून तरंगत होते. मध्येच मान वळवायची, टॉर्च गोल फिरवायचा. बरं? धक्क्याच्या टोकाकडून एक उजेड सावकाश गोल फिरायचा. बरं. पुन्हा घोडा. पुन्हा बरं? पुन्हा बरं. इतकी शिस्त मी त्या घराण्यात कधी पाहिली नव्हती.

पायऱ्यांवर आल्यावर मी मास्क काढला. "आज अगदी वेळच्या वेळी उत्तरं दिलीत, वन्सं. एरवी दोनदा विचारावं लागतं."

"मी कुठे दिली उत्तरं?" त्या पायातले फिन्स काढत म्हणाल्या. "तुझा घोडा उजेडाला बुजत होता. मी टॉर्च पोटाशी दाबून धरला होता सगळा वेळ. तुझ्या पाठीशीच होते की."

"पाठीशी? मग पलीकडून कोण करत होतं?"

"कुठे पलीकडे?"

मी हात करून दाखवलं. शेवटचे खांब जिथे संपतात आणि तळ एकदम खाली जातो, तिकडे.

वन्संनी तिकडे पाहिलं. "शिंपल्यावरून तुझाच उजेड परत येत असेल," त्या म्हणाल्या. "तिकडे काही नाही."

"बरं," नवरा म्हणाला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

३

स्टुडिओच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि गुंडाळून ठेवलेले पडदे आहेत. तिथे बसून मी फोटो निवडते. दुसऱ्या दिवशी दुपारी बसले तेव्हा मी फार खुशीत होते, कारण सकाळीच मत्स्यालयाच्या बाईंचा फोन आला होता.

"काही फोटोंमध्ये पाणी इतकं नितळ कसं हो?" त्या म्हणाल्या. "हवेत काढल्यासारखे वाटतात."

"हाताचा अंदाज असतो," मी म्हटलं होतं, आणि मला खरंच तसं वाटत होतं.

त्याचं असं आहे की समुद्राच्या पाण्यात कायम बारीक धूळ तरंगत असते. फ्लॅश मारला की कण न् कण उजळतो आणि पिठाची चाळण झटकल्यासारखा फोटो येतो. ते टाळायला फ्लॅश दोन लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना पसरून धरतात. तरी थोडं पीठ उडतंच. उडालं नाही, तर फोटोग्राफरने स्वतःची पाठ थोपटावी. मी ती थोपटून घेतली होती.

फोटो मोठे करून पाहिले तेव्हा दिसलं, की नितळ काही सगळं पाणी नव्हतं. सगळीकडे नेहमीची धूळ होती. फक्त एका जागी नव्हती. उभी, अरुंद जागा. तिच्या कडेपर्यंत कण होते आणि आत एकही नव्हता.

भिंगावरचा डाग असेल, मी स्वतःला म्हटलं. पण डाग प्रत्येक फोटोत एकाच ठिकाणी येतो. ही जागा कधी डावीकडे होती, कधी उजवीकडे. मासा असता तर फ्लॅशने उजळला असता. पाण्याचा प्रवाह असता तर असा ताठ उभा राहिला नसता. मग मी पहिल्या दिवसापासूनचे फोटो ओळीने लावले. लावायला नको होते. पहिल्या दिवशी ती जागा अगदी शेवटच्या खांबाशी होती, काडीएवढी. मग तिच्या अलीकडच्या खांबाशी. मग त्याच्या अलीकडच्या. समुद्रघोड्याच्या फोटोत ती शेजारच्याच खांबाशी होती आणि माणसाच्या उंचीची होती.

मी पंखा बंद केला. कशासाठी, ते ठाऊक नाही. तेवढ्यात पुढे कुणीतरी हाक मारली. पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला स्टुलावर बसवलं, मान सरळ केली आणि सवयीने विचारलं, "बरं?"

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. बिचाऱ्याचा फोटो हललेला आला. पुन्हा काढावा लागला.

४

"आज नको जायला," मी वन्संना म्हटलं आणि फोटो दाखवले.

त्यांनी सगळे नीट पाहिले. त्या हसल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. "आणि मादीचं काय?" त्यांनी विचारलं.

एका खांबाच्या बुडाशी फुटक्या पाइपात एक ऑक्टोपसची मादी अंडी सांभाळत बसली होती. अंडी घातल्यापासून ती काही खात नाही. दिवसरात्र त्यांच्यावर पाणी मारत राहते, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. वन्संचं बोट ती ओळखायची. एक हात बाहेर काढून त्याला हळूच विळखा घालायची. अंड्यांतून आता डोळे दिसायला लागले होते. पिल्लं त्याच संध्याकाळी निघणार, असा वन्संचा होरा होता.

"ती इतके दिवस उपाशी बसलीय," वन्सं म्हणाल्या, "आणि आपण फोटोतल्या मोकळ्या जागेला भिऊन घरी बसायचं?"

"मग निदान खुणा तरी बदलू या."

"पाण्यात ऐनवेळी नवीन भाषा काढायची नसते, छबी. माणूस घाबरला की जुनीच बोलतो."

आणि खरं सांगायचं तर तो फोटो मला हवाच होता.

आम्ही उतरलो. पाणी थंड आणि अगदी शांत होतं. मी पाइपासमोर पोटावर आडवी झाले आणि वन्सं माझ्या मागे कुठेतरी थांबल्या. फार वाट पाहावी लागली नाही. मादीने अंगातलं उरलंसुरलं सगळं बळ एकवटून अंड्यांवर जोरात पाणी मारलं, आणि तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं उसळून बाहेर आली. दहा-वीस, मग शेकडो. प्रत्येकाला आठ हात, आणि प्रत्येकजण जन्मल्या क्षणी रंग बदलतोय. मी फोटो काढत गेले. प्रत्येक फोटो जमत होता, ते मला बोटांतच कळत होतं. मी पाण्याखाली मोठ्याने हसले, तोंडातल्या नळीभोवती बुडबुडेच बुडबुडे झाले. एवढा आनंद मला उभ्या जन्मात फार थोड्या वेळा झाला असेल.

वन्संना दाखवावं म्हणून मी वळले.

मागे दोन उजेड होते.

एक डाव्या खांबाशी, एक उजव्या. सारख्याच अंतरावर, सारखेच पांढुरके. मी टॉर्च गोल फिरवला. बरं?

दोन्ही उजेड सावकाश गोल फिरले. बरं. बरं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा दोन्ही फिरले. एकाच्या गोलात आणि दुसऱ्याच्या गोलात तसूभर फरक नव्हता. आणि तेव्हा दुसराच एक विचार मनात आला. ही पिल्लं बघायला वन्सं आठवडे थांबल्या होत्या. मग त्या पुढे का येत नाहीत? येत नाहीत, कारण त्यांना येता येत नाही. 'बरं' म्हणतायत, पण बरं नाही. भावाचीच बहीण ती.

धडपड केली की सिलिंडरमधली हवा पाण्यासारखी संपते. त्यांची किती उरली असेल देव जाणे. चुकीच्या उजेडाकडे गेले असते तर तिथून परत फिरून दुसरीकडे पोचायला वेळ मिळाला नसता. मी नुसतीच तरंगत राहिले. डोकं रिकामं झालं होतं. त्या रिकाम्या डोक्यात माझाच आवाज आला, स्वयंपाकघरातला, अगदी शांत. तुझ्या चहात पाल पडलीय.

मला काहीही झालेलं नव्हतं. तरी मी टॉर्च भराभर आडवा हलवला. संकटात आहे, ये.

उजवा उजेड सावकाश गोल फिरला. बरं.

डावा थबकला. मग एकदम माझ्या दिशेने झेपावला आणि कुणी मागून खेचावं तसा गचका खाऊन मागे गेला. पुन्हा झेपावला. पुन्हा मागे. त्या धसमुसळेपणात कसली शिस्त नव्हती, कसलं सौंदर्य नव्हतं. ते आमच्याच घरचं माणूस होतं.

मी डावीकडे गेले.

५

जुन्या जाळ्यात त्या कमरेपासून खाली गुरफटल्या होत्या आणि सिलिंडरची तोटीही त्यातच अडकली होती. सुरी घोट्याला बांधलेली, आणि घोटाच जाळ्यात. मास्कमधून त्यांचे डोळे माझ्याकडे बघत होते, भेदरलेले, पण स्वतःसाठी नाही. तुला काय झालं, असं विचारत होते. मी टॉर्च काखेत दाबून धरला, त्यांची सुरी ओढून काढली आणि कापायला लागले.

उजवा उजेड जवळ येत होता. घाई न करता, गोल गोल फिरत. मी हातातल्या गाठीकडे बघायचं ठरवलं होतं, म्हणून एक गोष्ट लक्षात आली. तो इतका जवळ आला होता, तरी जाळ्यावर त्याचा उजेड पडत नव्हता. माझ्या हातावरही नाही. तो दिसत होता, पण त्याच्याने काही दिसत नव्हतं.

शेवटची गाठ सुटली. कॅमेरा माझ्या छातीशी लोंबत होता. मी तो तसाच वळवला आणि फ्लॅश मारला.

क्षणभर सगळं पाणी पिठासारखं उजळलं. आणि त्या पिठात, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, ती मोकळी जागा होती. तिच्या मधोमध तो उजेड. मी डोळे मिटून घेतले आणि वन्संना ढकलत वर निघाले.

निम्म्यावर आलो असू. मी खाली पाहिलं. उजेड गोल फिरायचा थांबला होता. नवा शब्द जिभेवर घोळवून पाहावा तसा तो जरासा आडवा हलला. मग थोडा नीट. मग भराभर.

संकटात आहे, ये.

वन्संनीही ते पाहिलं. अंगात वीज भरल्यासारख्या त्या माझ्या हातातून सुटून खाली वळल्या. जन्मभर शिकवलेली गोष्ट होती ती, विचार करायला वेळ कुठला. मी त्यांच्या पट्ट्यात मूठ पिळून घातली. त्या माझ्यापेक्षा चांगल्या थोराड आहेत आणि पाण्यात तर मासोळी. पण त्या दिवशी मी सोडलं नाही. त्यांनी ओढलं, मी ओढलं, आणि नणंद-भावजयीच्या त्या झटापटीत मी जिंकले.

६

नवरा पायऱ्या सोडून छातीभर पाण्यात उभा होता. शॉवरला भिणारा माणूस. शब्दकोड्याचं पुस्तक लाटांवर तरंगत होतं. त्याने आधी बहिणीला वर ओढलं, मग मला. दोघींना हात लावून लावून पाहिलं आणि मग पुन्हा पाण्याकडे बघत विचारलं, "आणि तिसरी?"

"कोण तिसरी?"

"तीन दिवे होते की खाली. मी वरून दिवा दाखवत होतो, तिलाही वाट दिसावी म्हणून."

चौकीवर जाऊन फळी पाहिली. आमचे दोन सोडून सगळे बिल्ले जागच्या जागी होते.

थर्मासचा चहा कपात ओतून घेतल्यावर मला रडू आलं आणि रागही आला. "अडकला होतात तर बरं काय म्हणालात?"

"तुझा फोटो बिघडला असता," वन्सं म्हणाल्या.

"एकाच माळेचे मणी आहात तुम्ही दोघं."

"आणि तू संकट कशाला दाखवलंस? तुला तर काही झालं नव्हतं."

"चहात पाल पडली होती," मी म्हटलं.

नवऱ्याने हातातला कप दिव्याशी नेला आणि आत वाकून पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

शेवटचा फोटो मी फक्त वन्संना दाखवला, मागच्या खोलीत, दार लावून. धुळीतली ती मोकळी जागा इतक्या जवळून आली होती की तिची कड स्पष्ट दिसत होती. दोन्ही बाजूंना दोन लांब दांड्या, कोपरात वाकवाव्यात तशा. छातीशी पेटीसारखं काहीतरी चौकोनी. वन्संनी त्या कडेवरून बोट फिरवलं.

"छबी," त्या म्हणाल्या, "ही तर तू आहेस."

मी फोटो पुसून टाकला.

७

मत्स्यालयाचं दालन उघडलं तेव्हा ऑक्टोपसच्या पिल्लांचा फोटो दारासमोरच्या अख्ख्या भिंतीवर होता. त्यातलं पाणी धुळीने भरलेलं होतं आणि मी एकही कण पुसला नव्हता. लोक त्याच्यासमोर थांबत, बोलता बोलता गप्प होत. एका मुलीने आईला विचारलं, यांची आई कुठेय, तेव्हा वन्सं चष्मा पुसायला लागल्या. मी मात्र कॉलर ताठ करून सगळ्यांची वाहवा घेतली. नम्रपणा मला शोभत नाही.

अंधार पडल्यावर तिथून आम्ही तिघं दिवा घेऊन चालत धक्क्यावर गेलो. वन्संना जायचंच होतं. त्या दिवसापासून त्यांना नीट झोप नव्हती. आपण कुणाला तरी खाली सोडून आलो, हे त्यांच्या मनातून जाईना.

उजेड तिथेच होता. पायऱ्यांच्या अगदी खाली. भराभर आडवा हलत होता.

वन्संचा पाय पहिल्या पायरीवर गेला. "छबी, खरंच कुणी असेल तर?"

नवरा चौकीकडे पळाला आणि फळी बघून परत आला. "एकूण एक बिल्ला आहे," तो म्हणाला. "ताई, खाली कुणी नाही."

तरी वन्संचा पाय मागे येईना. खालचा उजेड आता इतक्या कळवळून हलत होता की माझाही पाय पुढे सरकला. त्याने ती खूण माझ्याकडूनच उचलली होती. माझ्या खोट्यातून.

मी नवऱ्याच्या हातातला दिवा घेतला, पाण्यावर धरला आणि सावकाश, व्यवस्थित गोल फिरवला.

उजेड आणखी जोरात हलला. मी पुन्हा गोल फिरवला. त्याने पुन्हा तेच म्हटलं, मीही पुन्हा तेच. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. माझा हात भरून आला, पण मी थांबले नाही, आणि शेवटी तोच थांबला. थोडा वेळ नुसता जळत राहिला. मग खोल पाण्याकडे सरकत सरकत बारीक झाला आणि दिसेनासा झाला.

वन्संनी पाय पायरीवरून मागे घेतला आणि माझा दंड घट्ट धरला.

"काय म्हणालीस त्याला?" नवऱ्याने विचारलं.

"तू मला म्हणतोस तेच."